पर्यटक कर पोलीस ठाण्याला द्यावा का?

महाबळेश्वरात लॉज चालवणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "अमेरिकेत पोलिसांचा निधी कापला आणि सॅन फ्रान्सिस्कोसारखी पर्यटकांची शहरं ढासळली, असं सारखं वाचायला मिळतं. आपल्याकडे तर पोलीस मुळातच कमी. सुट्ट्या लागून आल्या की वेण्णा लेकपाशी गाड्या तासन्‌तास हलत नाहीत, रात्री बंगल्यांत डीजे, बाजारात एजंटांचा त्रास. मग पर्यटकांकडून नाक्यावर घेतला जाणारा कर थेट पोलीस ठाण्याला का देऊ नये? आमच्या सभेत निम्मे म्हणतात द्या, निम्मे म्हणतात पोलीस वाढले की हप्ते वाढतील. तुम्ही खात्यात होता, तुम्ही सांगा."

खात्यात होतो, आणि नोकरीचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच गेला. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. कर पोलीस ठाण्याला देऊ नका. तो पैसा पोलिसांचे तास मोकळे करायला वापरा. दोन्ही गोष्टी कानाला सारख्या लागल्या तरी व्यवहारात त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण तुम्ही अमेरिकेपासून सुरुवात केलीत, तर तिथूनच जाऊ. तिकडचा वाद आपल्याकडे मोबाइलवर अर्धाच पोचतो.

मे २०२० मध्ये मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्यानंतर 'पोलिसांचा निधी काढून घ्या' ही घोषणा देशभर गेली. मिनिआपोलिसच्या बहुसंख्य नगरसेवकांनी जाहीर सभेत पोलीस दलच मोडीत काढण्याचं वचन दिलं. प्रत्यक्षात त्या डिसेंबरात त्यांनी पोलिसांकडून दुसरीकडे वळवले ते ८० लाख डॉलरच्या आसपास, आणि पोलिसांचं बजेट होतं सतरा-अठरा कोटी डॉलरचं. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, दल बदलण्याचा प्रस्ताव मतदानाला आला तेव्हा लोकांनी तो फेटाळला. म्हणजे पैसा फारसा गेलाच नाही. गेली ती माणसं. राजीनामे, मानसिक आघाताच्या कारणावरून घेतलेल्या दीर्घ रजा, मुदतीआधीची निवृत्ती. नऊशेच्या आसपास असलेलं दल पुढच्या तीन-चार वर्षांत सहाशेच्या खाली आलं. बजेटाच्या आकड्यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना हे उशिरा दिसलं.

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्टही अशीच. महापौर लंडन ब्रीड यांनी २०२० मध्ये पोलीस आणि शेरीफ यांच्याकडून दोन वर्षांत १२ कोटी डॉलर काढून कृष्णवर्णीय वस्त्यांवर खर्च करण्याचं जाहीर केलं. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच महापौरांनी टेंडरलॉइन या भागात आणीबाणी जाहीर केली आणि पोलिसांसाठी जादा पैसे मागितले. पुढे पोलिसांचं बजेट २०२० च्या आधीपेक्षाही वर गेलं. तरीही २०२३ मध्ये युनियन स्क्वेअरचं हिल्टन आणि त्याच्या शेजारचं आणखी एक मोठं हॉटेल, या दोहोंच्या मालक कंपनीने कर्जाचे हप्ते भरणं थांबवलं. तुम्ही हॉटेलवाले, तुम्हाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्याचं खरं कारण म्हणजे कोविडनंतर लोक घरून काम करायला लागले, शहराच्या मध्यातली जवळपास एक तृतीयांश ऑफिसं रिकामी पडली, परिषदा-संमेलनं आटली. त्यात फेंटानिल नावाचं औषधी विष रस्त्यावर आलं. त्या एका वर्षात शहरात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने आठशेहून जास्त माणसं मेली. घरभाडी आधीच आवाक्याबाहेर, म्हणून फुटपाथवर तंबू. यातलं किती पोलिसांच्या पैशामुळे बिघडलं आणि किती त्या पैशाने सुधारलं असतं?

काहीच नाही, असंही मी म्हणणार नाही. त्या शहरात पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्यांच्या काचा फोडून बॅगा पळवण्याचा धंदाच झाला होता. २०२३ पासून पोलिसांनी सापळा म्हणून गाड्या उभ्या करायला सुरुवात केली, कारण काचा फोडणारे म्हणजे सगळं शहर नव्हतं, त्या मोजक्या टोळ्या होत्या. २०२४ मध्ये गाड्या फोडण्याच्या घटना आदल्या वर्षाच्या निम्म्यावर आल्या. आहे त्याच माणसांचे तास नेमक्या जागी लावले, त्याचा हा परिणाम.

याहून जुना दाखला न्यूयॉर्कचा आहे, आणि तो मला फार बोलका वाटतो. १९७५ मध्ये शहराचं दिवाळं निघायच्या बेतात होतं. महापौर अब्राहम बीम यांनी पोलीस कपात जाहीर केली. तेव्हा पोलीस आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी काय केलं, तर पर्यटकांना वाटायला एक पत्रक छापलं. वर कवटीचं चित्र आणि 'भयनगरीत तुमचं स्वागत'. आत सल्ले: संध्याकाळी सहानंतर बाहेर पडू नका, भुयारी रेल्वेत बसू नका. स्वतःच्याच शहराची अशी जाहिरात! कपात टळली नाही. जुलैच्या सुरुवातीला सुमारे पाच हजार पोलीस घरी बसवले गेले, त्यातले थोडेच लवकर परत घेतले. पर्यटकाच्या भीतीवर पोलिसांचा निधी मागायची युक्ती तिथपासूनची आहे. आपल्याकडे ती अजून कुणी इतक्या उघडपणे केलेली नाही, पण 'पोलीस वाढवा नाहीतर पर्यटक येणार नाहीत' हे वाक्य प्रत्येक हंगामात मी ऐकत आलोय.

आता मुळातला फरक. तिकडे पोलीस शहराचे नोकर असतात. बजेट नगरसेवक मंजूर करतात, बहुतेक ठिकाणी पोलीसप्रमुखही शहरच नेमतं. आपल्या संविधानात पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. महाबळेश्वरच्या नगराध्यक्षाला ठाण्यात एक शिपाई वाढवता येत नाही आणि एक कमीही करता येत नाही. ठाण्याची मंजूर पदं गृह विभाग ठरवतो, माणसं साताऱ्याहून पोलीस अधीक्षक देतात, पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. ई-चलानचा दंड तुमच्या बाजारपेठेत फाडला तरी जमा राज्याकडे होतो. नगरपरिषदेचा पैसा १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने तिला नेमून दिलेल्या कामांवर खर्चायचा असतो, त्यात पोलिसांचा पगार बसत नाही. फार तर जिल्हा नियोजन समितीतून एखादी गाडी, काही कॅमेरे मिळतात. गाडी येते, फोटो छापून येतो, चालक मात्र आहे त्यातूनच काढायचा. कॅमेऱ्यांचंही तसंच. बसवताना पैसा असतो, देखभालीचा करार संपला की एकेक डोळा मिटत जातो, आणि चोरी नेमकी बंद कॅमेऱ्यासमोर झाली हे कळतं पंचनाम्याच्या वेळी.

म्हणजे तुमच्या सभेत ज्याच्यावर वाद चाललाय, तो निर्णय तुमच्या हातातच नाही. तुमच्या हातात जे आहे ते वेगळं आहे. तिकडे जाण्याआधी ठाण्याच्या आतलं थोडं सांगतो.

देशात लाख लोकसंख्येमागे प्रत्यक्ष हजर पोलीस दीडशेच्या आसपास असतात. न्यूयॉर्कमध्ये हाच आकडा चारशेच्या घरात आहे. महाबळेश्वर शहराची वस्ती तेरा-चौदा हजार. देशाच्या सरासरीने नुसत्या शहराचा हिशेब केला तर वाट्याला वीस पोलीस येतात. ठाण्याच्या हद्दीत खेडी येतात, पर्यटनस्थळ म्हणून थोडी जास्त पदंही मिळतात, पण मोजणीचा पाया रहिवासीच असतो. शनिवारी रात्री तुमच्या लॉजवर, बंगल्यांत, रिसॉर्टांत झोपलेला माणूस या हिशेबात कुठेच नसतो. जनगणना त्याला पुण्यात मोजते.

मग हजर असलेल्यांचं काय होतं ते पाहा. एक ठाणे अंमलदार आणि त्याचा मदतनीस चोवीस तास पाळीने. एक संगणकावर सीसीटीएनएसला, म्हणजे गुन्ह्यांच्या ऑनलाइन नोंदींना. एक कोर्टाच्या कामाला. समन्स-वॉरंट बजावायला एक-दोन. मुद्देमाल, गोपनीय, पासपोर्ट पडताळणी. आरोपी अटकेत असेल तर त्याला नेणारी-आणणारी पोलिसांची तुकडी. कुणाची साप्ताहिक सुट्टी, कुणाची आजारपणाची रजा, कुणी प्रशिक्षणाला. त्यावर बाहेरचा बंदोबस्त. इथे आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे आणि ती साताऱ्याबाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आपले यात्रांचे दिवस आणि पर्यटनाचे दिवस एकमेकांवर पडतात. नाताळ ते जानेवारी तुमचा हंगाम, आणि त्याच सुमारास पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीचा खंडोबा, मांढरदेवची काळुबाई. पावसाळ्याच्या तोंडावर धबधब्यांची गर्दी सुरू होते तेव्हा माउलींची पालखी लोणंद-फलटणमार्गे जात असते आणि प्रत्येक ठाण्यातून माणसं तिकडे ओढली जातात. शिवाय महाबळेश्वरला राजभवन, विश्रामगृहं. मान्यवरांचे दौरे चालूच. दौऱ्याला लावलेला शिपाई कागदावर महाबळेश्वरातच असतो, पण तो तुमच्या उपयोगाचा नसतो. हे बोललो म्हणून कुणी रागावेल, पण खात्यातल्या कुणालाही खासगीत विचारा.

उरलेले चार-सहा जण वेण्णा लेकच्या वळणावर शिट्टी वाजवत उभे. प्रशिक्षण केंद्रात तपास, कायदा, पुरावा शिकलेला माणूस पार्किंग शोधून देतोय. सकाळी आठला उभा राहिला की रात्री दहाला बसतो. अशा माणसाने रात्री साडेअकराला डीजेच्या तक्रारीवर जावं, कागद करावा, दुसऱ्या दिवशी खोलीतून मोबाइल चोरीला गेल्याचा तपास करावा, अशी अपेक्षा असते. तो जातो, डीजे बंद करायला सांगतो आणि परत येतो. अर्ध्या तासाने डीजे पुन्हा सुरू. तुमची तक्रार खरी असते, त्याचा थकवाही खरा असतो.

म्हणून मी म्हणतो, बजेटाच्या आधी तासांचा हिशेब मांडा. हंगामातल्या एका आठवड्यात ठाण्याचे किती माणूसतास वाहतुकीवर गेले, किती दौऱ्यांवर, किती बाहेरच्या बंदोबस्तावर आणि किती गस्त-तपासावर. मी नोकरीत पाहिलेलं चित्र असं, की गर्दीच्या दिवसांत गस्त आणि तपास यांच्या वाट्याला जे उरतं ते सांगायला लाज वाटावी इतकं कमी असतं. यात दहा शिपाई वाढवले तर तेही त्याच वळणावर शिट्टी घेऊन उभे राहतील. मोटारी संपत नाहीत. रस्ता सुरूर फाट्यावरून वाई, पसरणी घाट, पाचगणी असा एकच मोठा; मेढा-केळघरचा दुसरा आणि पोलादपूरकडून आंबेनळी घाटाचा तिसरा. तीन तोंडांनी गाड्या आत येतात आणि एका बाजारपेठेत, दोन-तीन पॉइंटांवर आणि तलावापाशी साचतात. ही अडचण रस्त्याची आणि पार्किंगची आहे. ती पोलिसाने सोडवावी असं म्हणणं म्हणजे पाऊस पोलिसाने थांबवावा म्हणण्यासारखं आहे.

गर्दीच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याने याची फार मोठी किंमत मोजलेली आहे. २५ जानेवारी २००५, मांढरदेव. चेंगराचेंगरी आणि दुकानांना लागलेली आग यांत तीनशेच्या आसपास भाविक गेले. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग बसला. चढाची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना खेटून दुकानं, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दुकानांतले गॅस सिलिंडर. तिथे आणखी शंभर काठ्या उभ्या करून काय झालं असतं? वाट रुंद हवी होती, येणारे आणि जाणारे वेगळे हवे होते, दुकानं मागे हटायला हवी होती. त्या काळात जिल्ह्यात नोकरी केलेला कुठलाही पोलीस गर्दीचा विषय निघाला की आधी वाटेची रुंदी विचारतो, बंदोबस्ताचा आकडा नंतर.

आणि नीट जमलेलं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. कास पठार. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात गेला आणि कासला माणसांचा लोंढा लागला. फुलं तुडवली जायला लागली. तेव्हा तिथे कुणी पोलीस चौकी मागितली नाही. आजूबाजूच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती, दिवसाला तीन हजारांची मर्यादा, आगाऊ ऑनलाइन नोंदणी, माणशी शुल्क, गाड्या लांब लावायच्या, फुलांजवळ गावातलीच पोरं-पोरी उभी. शुल्काचा पैसा तिथल्याच व्यवस्थेला आणि गावांना. शनिवार-रविवारी मर्यादा ओलांडली जाते, यवतेश्वर घाटात गाड्या अडकतात, कुरबुरी आहेत. पण पोलिसांच्या वाट्याला फक्त रस्ता येतो, पठार येत नाही. ठाण्याचे किती तास वाचले याचा हिशेब कुणी ठेवला नाही, ठेवायला हवा होता.

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही, त्यामुळे गावात वाहतूक पोलिसाला मुळात कामच नाही. उटी आणि कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून वाहनांना ई-पास लागतो. व्हेनिसनेही त्याच वर्षी एप्रिलपासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांना पाच युरो लावले. तिथल्या शुल्काने गर्दी किती घटली याबद्दल मतभेद आहेत, आणि पाच युरोला कोण घाबरतो हा प्रश्न रास्तच आहे. आकड्याची मर्यादा काम करते, नुसतं शुल्क फारसं करत नाही, असं माझं मत. तुमच्याकडे तर शुल्क घेण्याच्या नाक्यावरच रांग लागते, म्हणजे गर्दी कमी करायला घेतलेला पैसा गर्दी वाढवतो. तो कर खोली नोंदवतानाच ऑनलाइन का घेता येऊ नये?

आता तुमच्यातल्या दुसऱ्या गटाचं म्हणणं. 'पोलीस वाढले की हप्ते वाढतील.' हे शब्द मला झोंबतात, पण त्यामागची भीती मी उडवून लावणार नाही. उलट तीच भीती मला तुमच्या योजनेबद्दल आहे. समजा, कायद्याची अडचण नाही आणि हॉटेलवाल्यांच्या खिशातून, किंवा त्यांच्या पाहुण्यांच्या खिशातून, ठाण्याला दरवर्षी ठरावीक रक्कम मिळते आहे. मग घोडेवाला आणि हॉटेलवाला यांच्यात वाद झाला, किंवा बाहेरून आलेली टॅक्सी आणि स्थानिक टॅक्सीवाले भिडले, किंवा पदपथावरच्या कणीसवालीला हटवायचं ठरलं, तर पोलीस कुणाचं ऐकेल? ज्याचं मीठ खावं त्याचं गावं, ही आपल्याकडे रीतच आहे. सरकारी पगारात निदान कागदावर तरी तो कुणा एका गटाचा नसतो.

न्यू ऑर्लिन्समध्ये हे होऊन गेलंय. फ्रेंच क्वार्टर हा तिथला पर्यटकांचा जुना भाग. २०१५ मध्ये तिथल्या मतदारांनी आपल्या भागापुरता विक्रीवर पाव टक्क्याच्या आसपास जादा कर मान्य केला आणि त्यातून राज्य पोलिसांची जादा गस्त सुरू झाली. २०२० च्या अखेरीस मुदतवाढीचा प्रश्न आला तेव्हा त्याच मतदारांनी कर नाकारला. पोलीस नकोत म्हणून नाही. त्या पैशावर ताबा महापौरांचा की भागातल्या लोकांच्या मंडळाचा, यावर भांडण पेटलं होतं. पुढच्या वर्षी तो कर पुन्हा मंजूर झाला. पैसा पोलिसांसाठी काढलात की दुसऱ्या दिवशी प्रश्न येतो तो हुकूम कुणाचा चालणार याचा. आपल्याकडे तर तो वाद नगरपरिषद, पोलीस अधीक्षक, पर्यटन विभाग आणि पालकमंत्री अशा चार टोकांत होईल.

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरची सुधारणा लोक एकट्या पोलिसांच्या खात्यावर टाकतात. त्यात पोलीस होतेच, मी माझ्या जातभाईंचं श्रेय कशाला घालवू. पण १९९२ मध्ये तिथल्या इमारतमालकांनी स्वतःवर जादा पट्टी लावून घेतली आणि तिच्यातून विनाशस्त्र सुरक्षारक्षक आणि झाडूवाले नेमले. रस्ता दाखवणं, कचरा उचलणं, भांडण दिसलं की पोलिसाला कळवणं हे त्यांचं काम. अटक, तपास, बळाचा वापर हे पोलिसाकडेच राहिलं. मला तुमच्यासाठी या धर्तीचं काहीतरी हवंय.

२०२५ च्या उन्हाळ्यात पर्यटन विभागाने महाबळेश्वरात पर्यटक सुरक्षा दलाचा प्रयोग केला, महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान आणून. कल्पना योग्य दिशेची आहे. पण हे जवान पोलीस नसतात. गुन्हा नोंदवणं, तपास करणं त्यांच्या हातात नाही. पर्यटकाला गणवेशातला फरक कळत नाही, तो चोरीची तक्रार घेऊन त्यांच्याकडेच जातो. म्हणून असं दल ठाण्याच्या रोजच्या हजेरीला जोडलेलं हवं, सकाळी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने त्यांच्या जागा नेमून द्यायला हव्यात. वेगळा सुभा झाला की त्याचा उपयोग उद्घाटनापुरता.

तर पर्यटक करातून काय करावं? शहराबाहेर गाड्या थांबवून मिनीबसने आत आणायची सोय, आणि ती शुक्रवार संध्याकाळपासून. त्या जागेवर शौचालयं आणि दिवे, नाहीतर कुणी थांबणार नाही. वळणावळणावर शिट्टी वाजवायला नगरपरिषदेचे हंगामी वाहतूक मदतनीस किंवा मानधनावर होमगार्ड. होमगार्डची पोरं आपल्याच तालुक्यातली असतात, त्यांना ओळखी असतात, त्याचा फायदाही होतो आणि तोटाही. म्हणून पाचगणीची महाबळेश्वरला आणि महाबळेश्वरची पाचगणीला लावावीत. बाजारपेठेत खोलीचे एजंट अंगावर येतात त्यावर पोलिसापेक्षा नगरपरिषदेचा परवाना, फोटोचं ओळखपत्र आणि एक माहिती केंद्र जास्त चालेल. घाटात, दरीत माणूस पडला की उतरतात ते ट्रेकर्सचे गट, बहुतेक वेळा स्वतःच्या दोरांवर. जुलै २०१८ मध्ये आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळून तीस जण गेले, तेव्हा खाली उतरणाऱ्यांत हेच होते. त्यांचे दोर, स्ट्रेचर, विमा यांवर पर्यटक कराचा पैसा गेला तर तो सार्थकी लागेल, आणि ते पोलिसांचेच तास वाचवणं आहे.

मोठा खासगी कार्यक्रम, लग्नसोहळा, संगीताचा जलसा असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात अर्जदाराच्या खर्चाने जादा पोलीस देण्याची तरतूद आहे. ती वापरा. तो पैसा सरकारजमा होतो, ठाण्याला मिंधेपण येत नाही, आणि माणसं मुख्यालयातून येतात. फक्त आगाऊ भरून घ्यायला हवा.

एक गोष्ट तुमच्या गटाला आवडणार नाही. डीजेची तक्रार ज्या बंगल्यांबद्दल तुम्ही करता, त्यांतले पुष्कळ कुठेच लॉज म्हणून नोंदलेले नसतात. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, बांधकामावर निर्बंध आहेत, तरी बांधकामं होतात आणि आठवड्याच्या भाड्याने जातात. नोंद नाही म्हणून पाहुण्यांचं रजिस्टर नाही. रजिस्टर नाही म्हणून त्या रात्री तिथे कोण होतं हे ठाण्याला कळत नाही. एखादी गंभीर घटना घडली की तपास अधिकारी मोकळ्या खोलीत उभा असतो. शहर बिघडतंय म्हणतो तेव्हा मला याची जास्त काळजी वाटते. भाडेकरूंची घरं लॉज झाली, नोकरवर्गाला राहायला जागा नाही, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत रात्री रहिवासी दिवा दिसत नाही. सॅन फ्रान्सिस्कोशी तुलना करायचीच तर इथे होते, घरांपाशी. रहिवासी असतील तर गल्लीवर नजर असते, खबर मिळते. बीट अंमलदाराचं, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाचं, निम्मं काम चहाच्या टपरीवरच्या ओळखीवर चालतं. ही नोंदणी पोलिसाने नाही, नगरपरिषदेने आणि महसूल खात्याने करायची आहे, आणि तुमच्यातल्या काहींची नावं त्यात येतील.

एवढं करून मोकळे झालेले पोलिसांचे तास कुठे जावेत? रात्री दहा ते दोन, बाजारपेठ आणि बंगल्यांचा पट्टा, पायी आणि मोटारसायकलवर. मिनिआपोलिसमध्येच १९८८-८९ च्या सुमारास गुन्ह्यांच्या ठरावीक जागांवर गस्तीचा प्रयोग झाला होता. त्याच्या आकड्यांवरून असं दिसलं की एका जागी दहा-पंधरा मिनिटं थांबून पुढे जाणं, आणि वेळ न ठरवता पुन्हा येणं, हे तासभर एकाच जागी उभं राहण्यापेक्षा फायद्याचं. आपले जुने हवालदार हेच करायचे, त्यांना प्रयोगाची गरज पडली नाही. दुसरं, सायबर. रिसॉर्टच्या नावाने खोटी वेबसाइट काढून आगाऊ पैसे उकळणं, हा आता पर्यटकाच्या फसवणुकीचा ठरलेला प्रकार झालाय. कुटुंब सामान घेऊन तुमच्या दारात उभं राहतं आणि नोंदणीच नसते. यात फसलेला माणूस मुंबई-पुण्याचा, आरोपी तिसऱ्याच राज्यात, खातं चौथ्या. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, पण 'तुमच्या गावात जाऊन तक्रार द्या' असं सांगितलं जातं, कारण घ्यायला हाताशी माणूस नसतो. अशा पाहुण्याला पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावून द्या, रक्कम गोठवली जाण्याची शक्यता तेव्हाच असते. हे काम तुमच्या स्वागतकक्षातला मुलगासुद्धा करू शकतो.

पोलिसांची पदं वाढवायला नको का? हवीत. पण ती मागणी साताऱ्याच्या अधीक्षक कार्यालयामार्फत गृह विभागाकडे जायला हवी, आणि तिच्यासोबत तुमच्याच नाक्यावरच्या पावत्यांची महिनावार संख्या हवी. माणशी कर घेता, म्हणजे किती माणसं आली याचा पक्का आकडा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नाही, तुमच्या नगरपरिषदेकडे आहे. तो आकडा आणि ठाण्याची मंजूर व हजर संख्या, दोन्ही माहिती अधिकारात मागता येतात. सभेच्या आधी अर्ज टाका. उत्तराला तीस दिवस लागतात.